हेल्मेटमधील इंटरकॉम : उजवीकडे खरखर, माइकवर वाऱ्याचा घोंघाट आणि पातळ आवाज, दोष घरी कसा शोधावा?

देवळालीकर (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकरोड परिसरात राहतो. दर शनिवारी पहाटे माझे मोठे बंधू आणि मी आपापल्या मोटारसायकलवरून दिंडोरी, वणी, नांदुरी या मार्गाने कळवणजवळच्या आमच्या शेतावर जातो. मागच्या दिवाळीत आम्ही दोघांनीही पूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेट घेतली आणि त्यांत एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे ब्लूटूथ इंटरकॉमचे संच बसवून घेतले. बंधू नेहमी पुढे असतात. खड्डा, रस्त्यावर सांडलेली खडी, मागचा दिवा नसलेला कांद्याचा ट्रॅक्टर असे काही दिसले की ते मला आधीच सांगतात. त्यामुळे गाणी ऐकू येवोत वा न येवोत, त्यांचा आवाज मला आणि माझा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येणे ही आमच्यासाठी गरजेची गोष्ट आहे.

गेल्या दोन महिन्यांपासून माझ्या संचात चार त्रास सुरू झाले आहेत. पहिला असा की उजव्या स्पीकरमध्ये खरखर येते आणि आरशात पाहण्यासाठी मान उजवीकडे वळवली की तो क्षणभर पूर्ण बंद पडतो. दुसरा त्रास बंधूंना होतो. माझा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला की त्यांना माझ्या शब्दांऐवजी नुसता वारा ऐकू येतो. त्याच वेगात, त्याच वाऱ्यात त्यांचा आवाज मात्र माझ्याकडे स्वच्छ येतो, याचे मला आश्चर्य वाटते. तिसरा त्रास असा की गावाकडची इतर मंडळी फोनवरच्या ग्रुप कॉलने आमच्यात सामील झाली की गाणे आणि इतर सर्व आवाज एकदम पातळ, जुन्या टेलिफोनसारखा होतो. चौथे म्हणजे नकाशाच्या ॲपमधील सूचनेचे पहिले दोन-तीन शब्द गिळले जातात आणि ‘मीटरवर उजवीकडे वळा’ एवढेच कानावर पडते, किती मीटरवर ते कळतच नाही.

आवाज पूर्ण वाढवून पाहिला, तेव्हा खरखर जास्तच झाली. संच दोनदा रीसेट करून पुन्हा पेअर केला, काही फरक पडला नाही. ज्या दुकानात संच बसवला तेथे दाखवला असता त्यांनी तो उघडूनही न पाहता ‘आतला बोर्ड गेला आहे’ असे सांगितले आणि नव्या संचाच्या जवळजवळ निम्मा खर्च सांगितला. पैसे भरण्यापूर्वी घरच्या घरी कोणत्या तपासण्या कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरकर

आपल्याजवळ अगदी तसाच दुसरा, चांगला चालणारा संच आहे, ही दोष शोधण्याच्या कामात फार मोठी सोय आहे. सुट्या उपकरणावर तासन्‌तास डोके खपवूनही जे कळत नाही, ते अदलाबदलीने पाच मिनिटांत कळते. मी सातपूर औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या दुरुस्तीचे काम करतो. आमच्याकडेही संशय आला की आधी कार्ड बदलून पाहतात आणि मगच सोल्डरिंगची बंदूक हातात घेतात.

बहुतेक संचांत दोन भाग असतात. हेल्मेटच्या बाहेर डाव्या बाजूला लागणारा मुख्य डबा, आणि हेल्मेटला कायम बसवलेले भाग, म्हणजे डबा जिच्यावर सरकतो ती पाटी आणि आतली वायर, दोन स्पीकर व माइक. आपण आतले काहीही न हलवता फक्त दोघांचे डबे आपापसांत बदला. आता आपल्या हेल्मेटवर बंधूंचा डबा आहे. खरखर आपल्याच हेल्मेटमध्ये राहिली, तर डबा आणि त्यातला बोर्ड निर्दोष आहे आणि दोष वायर, जोड किंवा स्पीकर यांपैकी कशात तरी आहे. खरखर डब्याबरोबर बंधूंच्या हेल्मेटमध्ये गेली, तरच बोर्डाकडे बोट दाखवता येईल. ही तपासणी केल्याशिवाय कोणालाही एक रुपयाही देऊ नका, असे मी कळकळीने सांगतो.

मान वळवली की आवाज जातो, हे लक्षण वाचून माझा संशय वायरवर आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या हेल्मेटमध्ये हाच प्रकार होता. गालाचे पॅड तीन टिचबटणांवर बसते. बसवताना त्यातल्या एका बटणाखाली उजव्या स्पीकरची वायर आली होती आणि दर वेळी हेल्मेट घालताना बटण तिला चावत होते. पॅड काढून पाहिले तेव्हा काळ्या आवरणावर नखाच्या चंद्रकोरीएवढी खूण दिसली. ती ताणून पाहिली तर आत तांब्याचे दोन-तीन केस तेवढे जोडलेले होते आणि बाकीचे तुटून काळवंडले होते. मान सरळ असताना ते केस एकमेकांना टेकत आणि मान वळली की सुटत. अशा वायरवर आवाज वाढवला की खरखरही वाढते.

आपण असे करावे. हेल्मेट मांडीवर उलटे ठेवा, दोन्ही गालांची पॅडे काढा आणि फोनवर गाण्याऐवजी बातम्या किंवा कीर्तन असे सलग बोलणे लावा, कारण गाण्यात तालवाद्ये असतात आणि बारीक खरखर त्यात लपते. मग उजव्या स्पीकरपासून पाटीपर्यंतची वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून इंच-इंच हळूच वाकवत जा. जिथे वाकवल्यावर आवाज तुटतो तिथेच दोष आहे. कुठेच तुटला नाही, तर जोड काढून पुन्हा पूर्ण आत, ‘टक्’ असे जाणवेपर्यंत बसवा. काही संचांत स्पीकर सुटे निघतात. आपलेही तसे असतील तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहा. खरखर स्पीकरबरोबर बाजू बदलते का, यावरून पुढचे ठरेल.

डबा ज्या पाटीवर सरकतो, तेथील सोनेरी ठिपकेही पाहून घ्या. पावसाळा झाल्यावर त्यांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर डबा बाजूला काढून ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या मऊ दातांच्या ब्रशने ठिपके हलकेच घासा आणि पूर्ण वाळल्यावरच डबा लावा. सॅंडपेपर लावण्याचा मोह अजिबात नको. वरचा मुलामा एकदा निघाला की गंज कायमचा मागे लागतो.

आपण लिहिले नसले तरी आणखी एक बाब सांगून ठेवतो. खरखर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत असेल आणि संच गाडीच्या यूएसबी चार्जरला लावलेला असेल, तर चार्जरची वायर काढून पाहावे. वायर काढताच आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वीजपुरवठ्यात आहे. वायर काढूनही फेऱ्यांबरोबर टिकटिक येत राहिली तर गाडीचा स्पार्क प्लग पाहावा. आत रोधक असलेल्या प्लगच्या क्रमांकात बहुधा ‘आर’ हे अक्षर असते आणि हा सुमारे ५ किलोओहमचा रोधक ठिणगीपासून निघणारी विद्युत खरखर दाबून धरतो. गॅरेजमध्ये घाईत रोधक नसलेला प्लग बसवला गेला की माइकच्या लांब वायरी ती टिकटिक उचलतात.

वायर नीट मार्गाने नेण्यासाठी हेल्मेटच्या आतला थर्माकोल मात्र कोरू नका. धक्का बसल्यावर तो थर दबतो आणि डोक्यावर येणारा आघात कमी करतो. वायर थर्माकोल आणि कापडी अस्तर यांच्या मधल्या फटीतूनच गेली पाहिजे.

गिरणारेकर

सातपूरकरांनी वायरीविषयी जे सांगितले आहे त्यात मी भर घालणार नाही. मी फक्त माइकविषयी लिहितो, कारण बंधूंना आपला आवाज न येणे हीच खरी धोक्याची गोष्ट आहे आणि याच त्रासातून मी वर्षभर गेलो आहे.

आपण पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये संच बसवला आहे, म्हणजे माइक दांडीचा नसून हनुवटीसमोरच्या कठीण भागावर आतून वेल्क्रोने चिकटवलेला, बटणाएवढा असणार. आता हेल्मेट हातात घ्या आणि समोरून हनुवटीची हवेची खिडकी उघडून पाहा. त्या खिडकीच्या बरोबर मागे माइक बसला आहे का? माझ्या हेल्मेटमध्ये तो अगदी तसाच बसवलेला होता. दुकानात हेल्मेट टेबलावर असताना ती जागा सर्वांत सोयीची वाटते, कारण तीच ओठांच्या समोर असते. परंतु रस्त्यावर खिडकीतून आत येणारा झोत थेट माइकच्या पाठीवर आदळतो आणि आपण कितीही मोठ्याने बोललो तरी पलीकडच्याला नुसता घोंघाट ऐकू येतो. आपले बंधू बहुधा खिडकी बंद ठेवत असतील किंवा त्यांचा माइक थोडा बाजूला असेल. एकाच वेगात एकाचा आवाज स्वच्छ आणि दुसऱ्याचा वाऱ्यात हरवलेला, याचे मला तरी हेच कारण दिसते.

माइकवरचा स्पंजाचा टोपरा जागेवर आहे का, हेही पाहा. तो पडला असेल तर नवा मिळेपर्यंत संच वापरला तरी बोलणे समजणार नाही. भिजलेला टोपरा तर त्याहून वाईट, कारण पाण्याने भरलेल्या स्पंजातून आवाज कोंदटून जातो. काही माइकवर ओठांकडची बाजू दाखवणारी बारीक खूण किंवा बाण असतो. असे माइक समोरून आलेला आवाज घेण्यासाठी आणि मागून आलेला दाबण्यासाठी घडवलेले असतात, त्यामुळे उलटा बसला तर तो आपलाच आवाज दाबून वाऱ्याला वाट करून देतो. माइक आणि ओठ यांत बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त अंतर नसावे.

तपासणीसाठी ग्रुप कॉल नको. स्वतःच्याच फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा, ते ब्लूटूथच्या माइकवरून होत आहे याची खात्री करा आणि गंगापूर धरणाकडच्या रस्त्यावर सकाळी रहदारी नसताना ४०, ६० आणि ८० अशा वेगांत तेच एक वाक्य म्हणा. एकदा खिडकी उघडी ठेवून आणि एकदा बंद करून हे करावे. घरी बसून ऐकले की फरक आपोआप कळेल. मुद्रण सुरू आणि बंद करायचे ते थांबूनच. गाडी चालू असताना फोनला हात लावू नये.

एक सूचना आणखी. हेल्मेटच्या स्पीकरपेक्षा कानात घालायचे छोटे इयरफोन वापरले तर आवाज फार चांगला येतो, असा माझा अनुभव आहे.

कॉलेजरोडच्या ताई

गिरणारेकरांच्या माइकविषयीच्या सर्व सूचना मला पटल्या. त्यांच्या शेवटच्या सूचनेला मात्र मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. मी कानांच्या तपासणीचे काम करते, आणि लांबच्या प्रवासात हेल्मेटखाली इयरफोन घालून वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात ऐकणारी तरुण मुले कान वाजतात म्हणून आमच्याकडे येतात, तेव्हा मनाला फार वाईट वाटते.

हेल्मेटच्या आत आधीच किती आवाज असतो, याचा बहुतेकांना अंदाज नसतो. ताशी साधारण ६५ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर इंजिनाच्या आवाजापेक्षा वाऱ्याचा आवाज मोठा होतो, आणि ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत तो ९५ ते १०० डेसिबलपर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. वाऱ्यावर मात करण्यासाठी आपण स्पीकर किंवा इयरफोनचा आवाज त्याच्याही वर चढवतो, तेव्हा कानाच्या आतल्या ज्या नाजूक केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यांवर आपण स्वतःहून घाव घालत असतो. शिवाय हेल्मेटच्या दाबाखाली इयरफोन कानाच्या छिद्रात रुततात, आणि रस्त्यावरचा हॉर्न ऐकू यायला हवा तो वेगळाच.

म्हणून ‘आवाज पूर्ण वाढवून पाहिला’ हे आपले वाक्य वाचल्यावर माझा आपल्याला पहिला प्रश्न असा आहे की, स्पीकर कानाच्या छिद्रासमोर आहे का? हेल्मेटमधले छोटे स्पीकर कानापासून एक-दीड सेंटिमीटर जरी खाली किंवा मागे सरकले, तरी खर्ज हरवतो, बोलणे पत्र्यासारखे लागते आणि माणूस आवाज वाढवत सुटतो. हेल्मेटमध्ये कानासाठी जी खोलगट जागा दिलेली असते, तिच्या मध्यावर स्पीकर चिकटवला म्हणजे काम झाले असे बसवणाऱ्याला वाटते. पण प्रत्येकाचा कान त्या खोलगट जागेच्या मध्यावर येतोच असे नाही.

आपला कान कुठे येतो हे पाहण्याची एक साधी पद्धत सांगते. कानाच्या खोलगट जागेत पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा चिकटपट्टीने लावा. कानाच्या छिद्रापुढे जो कूर्चेचा छोटा उंचवटा असतो, त्यावर ओल्या कुंकवाचा ठिपका द्या. हेल्मेटचे दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ओढून धरत हेल्मेट सरळ घाला, एक मिनिट न हलता बसा आणि तसेच पट्टे ओढून काढा. कापडावर लांबट ओरखडा उमटेल, कारण घालताना-काढताना कान घासतोच. परंतु ज्या जागी कान मिनिटभर टेकून राहिला, तिथे कुंकू सर्वांत गडद लागलेले दिसेल. त्या गडद ठिपक्याच्या किंचित मागे स्पीकरचा मध्य आला पाहिजे. स्पीकर कानापासून दूर राहत असेल तर संचाबरोबर मिळणाऱ्या स्पंजाच्या चकत्या त्याच्या मागे लावून तो पुढे आणा. मात्र कानाला टोचेल इतका पुढे आणू नका, नाहीतर अर्ध्या तासात कान दुखू लागेल.

लांबच्या महामार्गी प्रवासात औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, कानात घालायच्या मऊ फोमच्या बोंडांचा विचार जरूर करावा. ती वाऱ्याचा आवाज आणि स्पीकरचा आवाज दोन्ही कमी करतात, तरी बोलणे आश्चर्य वाटावे इतके सुटे ऐकू येते, कारण कान दणाणून गेलेला नसतो. हॉर्नही ऐकू येतो. शहरात शिरल्यावर, निदान द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत, मी स्वतः ती काढून ठेवते.

इंदिरानगरकर

आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या त्रासात संचाचा काहीच दोष नाही, म्हणून त्यासाठी दुरुस्तीला जाऊ नये.

फोन ब्लूटूथवर आवाज दोन वेगवेगळ्या रीतींनी पाठवतो. गाणे पाठवताना तो एका दिशेने, दोन्ही कानांसाठी वेगळा आणि चांगल्या दर्जाचा प्रवाह सोडतो. कॉल सुरू झाला की माइकचा आवाजही परत घ्यायचा असतो, म्हणून फोन दुसऱ्या, दुहेरी रीतीवर जातो आणि तिच्यात दोन्ही कानांना एकच, कमी दर्जाचा आवाज मिळतो. गाण्याच्या ध्वनीचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेतलेले असतात, म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा ध्वनी मोजून नोंदवलेला असतो. कॉलच्या जुन्या रीतीत ते ८,००० आणि नव्या रीतीत १६,००० असतात. इतक्या कमी नमुन्यांत वरचे स्वर मावत नाहीत, म्हणूनच आपल्याला तो ‘जुन्या टेलिफोनसारखा’ वाटतो. ग्रुप कॉल सुरू असेपर्यंत फोन याच रीतीवर अडकून राहतो आणि गाणे, नकाशा, सगळेच त्या अरुंद वाटेने येते.

यावर माझी सूचना अशी की बंधूंशी संचांच्या आपसांतील इंटरकॉमनेच बोलावे. तो फोनमधून जात नाही. गावाकडच्या मंडळींना शेतावर पोहोचल्यावर फोन करावा.

नकाशाचे शब्द गिळले जाण्याचे कारण वेगळे आहे. आवाज काही काळ बंद असला की वीज वाचवण्यासाठी फोन आणि संच यांच्यातला आवाजाचा प्रवाह थांबवला जातो. सूचना आली की तो पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात पहिले शब्द निघून जातात. मागे अगदी हळू आवाजात काहीतरी सतत चालू ठेवले की वाट उघडी राहते आणि सूचना पूर्ण येते. मी स्वतः तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावून ठेवतो.

फोनमधील सुगम्यतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) सेटिंगमध्ये डावा-उजवा तोल दाखवणारी पट्टी असते, ती मध्यावर आहे ना, हेही एकदा पाहा. आवाज फोनवर शेवटच्या टोकाच्या थोडा अलीकडे ठेवावा आणि कमी-जास्त करायचा तो संचाच्या बटणाने. इंटरकॉम, कॉल आणि गाणे यांच्या आवाजाच्या पातळ्या बहुतेक संचांत वेगवेगळ्या लक्षात ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो-तो आवाज चालू असतानाच ती-ती पातळी बदलावी लागते.

देवळालीकर

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. जे आढळले ते येथे नोंदवतो, म्हणजे असाच त्रास असलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

रविवारी सकाळी बंधूंचा डबा माझ्या हेल्मेटवर लावला. खरखर माझ्याच हेल्मेटमध्ये राहिली आणि माझा डबा बंधूंच्या हेल्मेटवर स्वच्छ चालला. म्हणजे ‘बोर्ड गेला आहे’ हे निदान चुकीचे होते. नंतर कीर्तन लावून वायर तपासली. टिचबटणापाशी काही सापडले नाही. दोष निघाला मानेच्या मागे, जिथे उजव्या स्पीकरची वायर अस्तराखालून पलीकडे जाते. तिथे वायर कमी लांबीची पडल्यामुळे ताणून बसवली होती आणि मान वळवताना अस्तर सरकले की ती जोडातून अर्धी बाहेर येत होती. वायर कोठेही तुटलेली नव्हती. गालाच्या पॅडाखाली तिचा जो अनावश्यक वेटोळा करून ठेवला होता, तो सोडवून मागे ढील दिली आणि जोड पूर्ण आत बसवला. त्यानंतर दोन फेऱ्या झाल्या, खरखर एकदाही आली नाही. खर्च शून्य.

माइक बरोबर हवेच्या खिडकीच्या मागेच होता. मी चष्मा वापरतो आणि पहाटे काचांवर वाफ धरते म्हणून ती खिडकी मी कायम उघडी ठेवत असे. बंधू चष्मा लावत नाहीत, त्यांची खिडकी नेहमी बंद. आमच्या दोघांच्या संचांत फरक का होता, हे त्यावरून उलगडले. माइक दोन सेंटिमीटर डावीकडे सरकवला आणि खिडकी अर्धी उघडी ठेवली. ध्वनिमुद्रणात ६० पर्यंत आता काहीच त्रास नाही. ८० ला वारा ऐकू येतो, पण शब्द कळतात. पहाटेच्या थंडीत वाफेसाठी खिडकी पूर्ण उघडावी लागते, तेव्हा मी वेग कमी ठेवतो.

कुंकवाच्या ठिपक्याने सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. दोन्ही स्पीकर कानापेक्षा खाली होते, उजवा तर जवळजवळ दीड सेंटिमीटर. वर सरकवून मागे एकेक चकती लावल्यावर पूर्वी जो आवाज पूर्ण चढवूनही अपुरा वाटायचा, तो आता निम्म्यापेक्षा थोड्या वरच्या पातळीवर पुरतो. ताईंचे विशेष आभार. ग्रुप कॉल बंद केला आहे, आणि तानपुऱ्यामुळे नकाशा पूर्ण वाक्य बोलू लागला आहे.

एक शंका उरली आहे. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात गेलो, तेव्हा वळणांवर बंधूंचा आवाज तुटत होता. संचाच्या खोक्यावर तर एक किलोमीटरचा पल्ला लिहिलेला आहे, आणि आमच्यात २०० मीटरही अंतर नव्हते. हाही काही दोष समजावा का?

सातपूरकर

वायर जोडातून निघत होती हे वाचून बरे वाटले. माझा अंदाज बटणाचा होता, तो चुकला. मागे दिलेली ढील अस्तराबाहेर लोंबत नाही ना, तेवढे पाहा.

घाटात आवाज तुटणे हा दोष नाही. ब्लूटूथ साधारण २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालते आणि या लहरी कातळाच्या पलीकडे वळून फारशा पोहोचत नाहीत. खोक्यावरचा पल्ला मोकळ्या, सरळ, दोघे एकमेकांना दिसत असलेल्या रस्त्यावरचा असतो. सिन्नरच्या पुढच्या सपाट रस्त्यावर आपल्याला त्याच्या जवळपास अनुभव येईलही, पण घाटाच्या एका वळणात मध्ये डोंगर आला की १०० मीटरवरही संपर्क जातो. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि ते या लहरी शोषून घेते, त्यामुळे डबा डाव्या कानापाशी आणि जोडीदार उजव्या अंगाला असेल तर मधले आपले स्वतःचे डोकेही आड येते. मेश पद्धतीच्या संचांत तीन-चार गाड्या असतील तर मधली गाडी निरोप पुढे पोहोचवते. आपण दोघेच असताना तिचा या वळणांवर उपयोग होणार नाही.

पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या बाजूला जाणे झाले, तर चार्जिंगच्या छिद्रावरची रबरी झापडी दाबून बंद आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहत जा. वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या इगतपुरीत उघडी झापडी एका दुपारीच संचाचा घात करू शकते. भिजलाच तर घरी आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. पुसून, झापडी उघडी ठेवून, पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. माइकचा टोपराही काढून पिळा आणि वेगळा वाळत घाला.

गिरणारेकर

ताईंचे म्हणणे वाचून कानातले इयरफोन मी काढून ठेवले आहेत आणि स्पीकरच्या जागेची कुंकवाची तपासणी येत्या रविवारी करणार आहे.

घाटाबद्दल आमच्या गटात एक रीत आहे, ती आपण दोघांनी ठरवून घ्यावी असे वाटते. घाट सुरू होण्याआधी पुढचा सांगतो, ‘आता वळणे आहेत, आवाज जाईल.’ त्यानंतर मागच्याने इंटरकॉमवर काहीही ऐकू येणार नाही असे धरूनच चालवायचे, आणि पुढच्याने दर दोन-तीन वळणांनंतर रस्ता सरळ झाला की वेग कमी करून मागच्याचा दिवा आरशात दिसेपर्यंत थांबायचे. संपर्क परत आला की मागचा ‘आलो’ म्हणतो आणि मग दोघे पुढे निघतात.